आक्काच्या रांगेतल्या विटा

त्या वर्षी थंडी सरत आली तरी आभाळ मोकळे झाले नव्हते. वीटभट्टीवरच्या माणसाला एक वेळ पाऊस परवडतो, कारण पाऊस पडला की काम थांबते. परंतु नुसते भरून राहिलेले आभाळ परवडत नाही. वीट पाडावी तर ती सुकत नाही, न पाडावी तर दिवस हातचा जातो. सकाळी पाडलेल्या विटेला संध्याकाळी बोट लावावे, तर बोटाचा ठसा जसाच्या तसा उमटावा, अशी अवस्था तीन आठवडे चालली होती.

आमच्या भट्टीचे आवार उतरते होते. खालच्या अंगाला ओल धरून राही. वरच्या अंगाला मात्र साठ पावले लांबीची एक पट्टी होती, तिच्यावर वारा आडोशाविना येत असे आणि पाणी ठरत नसे. ती पट्टी आक्काची. कोणी तिला ती दिली नव्हती. दोन हिवाळे खपून, खडे वेचून, राख पसरून, जड धुमसाने ठोकून-चोपून तिनेच ती जमीन तळहातासारखी सपाट केली होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा वारल्यानंतर ती माझ्या आश्रयाला आली, असे लोक म्हणत. वस्तुतः मीच तिच्या आश्रयाला होतो. मातीचा गारा किती मळावा, फर्म्यात, म्हणजे विटेच्या साच्यात, तो किती जोराने आपटावा, वीट उपडी करताना मनगट कसे झटकावे, हे सर्व मला तिनेच शिकविले. तिचा फर्मा आमच्या वडिलांनी केलेला होता. जड लाकडाचा, चारी कडांना लोखंडी पट्टी मारलेला. प्रत्येकाच्या फर्म्याच्या तळाला ज्याची त्याची खूण कोरलेली असे, म्हणजे भट्टी उघडल्यावर कोणाची वीट तडकली ते कळावे. आक्काची खूण तीन ठिपके. माझी अर्धचंद्र.

भट्टीचा मालक शहरात राही. येथे सर्व कारभार देखरेख करणाऱ्याच्या हाती होता. त्यास सर्वजण टोपीवाला म्हणत. ऊन असो वा नसो, टोपी त्याच्या डोक्यावरून हलत नसे. "हा टोपी घालूनच जन्मला असणार, सुईणीची काय गत झाली असेल!" असे आक्का म्हणे, आणि ते त्याच्या कानावर जाईल एवढ्या आवाजात म्हणे. त्या महिन्यात टोपीवाल्याने आपल्या मेहुण्याचे बिऱ्हाड भट्टीवर आणले आणि मेहुण्यास खालची ओली जागा मिळाल्यापासून टोपीवाल्याची नजर वरच्या पट्टीकडे लागली होती.

ज्या दिवशी ते घडले त्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या चरावर बादल्या भरीत होतो. वरून टोपीवाल्याचा आवाज आला. त्यापाठोपाठ आक्काचा.

"उद्यापासून खाली बसायचं. सांगितलंय ना एकदा?"

"सांगितलंत. मी ऐकलं. आता जा."

"तोंड सांभाळून बोल."

"तोंडच सांभाळतेय. रांगेतून पाय काढा आधी, विटा ओल्या आहेत."

पुढचे शब्द वाऱ्यात गेले. नंतर एक आवाज आला. लाकडाचा, पण पोकळ नव्हे. त्यानंतर आक्काचा हुंकार. ती ओरडली नाही. बादल्या तेथेच टाकून मी वर धावलो.

आक्का बांधावर बसली होती. उजवा हात तिने डाव्या हाताने पोटाशी धरला होता, आणि तो हात मनगट व कोपर यांच्या मध्येच, जेथे वाकू नये तेथे, किंचित वाकलेला होता. टोपीवाला रांगेत उभा होता. आक्काचा फर्मा त्याच्या हातात होता.

"घसरली," तो मला म्हणाला. "चिखलात पाय गेला आणि पडली."

आक्काने माझ्याकडे पाहिले. "मास्तरा, फर्म्यानं मारलं यानं. हात आडवा घातला म्हणून हातावर बसलं, नाहीतर डोक्यात घालत होता."

मी सातवीपर्यंत शिकलेलो व मिळेल ते छापील वाचणारा, सबब भट्टीवर मला मास्तर हे नाव पडले होते. आक्का ते नाव एरवी थट्टेने घेई. त्या क्षणी त्यात थट्टा नव्हती.

गारा मळणारे काका तोवर यंत्र बंद करून आले होते. टोपीवाल्याने हुकूम सोडला, "काका, ट्रॅक्टर काढा, हिला दवाखान्यात सोडा. मास्तर, तू थांब. विटा बिघडल्यात, तेवढ्या सावर. आभाळ बघतोस ना?"

आणि मी थांबलो.

येथे मला जे लिहावयाचे आहे ते लिहिताना लेखणी जड होते; तथापि ते आधीच सांगून टाकलेले बरे. बहिणीचा हात मोडलेला असताना मी तिच्यासोबत गेलो नाही. मी गुडघ्यांवर बसलो आणि विटा सावरल्या. बिघडलेली ओली वीट उचलून पुन्हा गाऱ्यात मिळवायची आणि तिच्या जागी नवी पाडायची, हे आमच्या हातांस इतके अंगवळणी पडलेले असते की डोके त्यात पडत नाही. माणूस घसरून विटांवर पडले असते तर विटा सपाट चेपल्या असत्या. तशी एकही नव्हती. काहींच्या कडा बुटाने खरवडल्या होत्या, आणि टाचा रुतल्याच्या दोन खोल खुणा होत्या, गिरकी घेतल्यासारख्या फिरलेल्या. बुटाच्या टाचेवरचे खिळे त्यांत स्पष्ट उमटले होते. आक्का अनवाणी काम करी. हे सर्व मी पाहिले, आणि पाहता पाहता सर्व गाऱ्यात मिळविले. टोपीवाल्याने आक्काचा फर्मा आपल्या खोलीत नेला होता, म्हणून नव्या विटा मी माझ्या फर्म्यातून पाडल्या.

दुपारी आक्का परतली. हाताला कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर होते. तिने प्रथम रांगेकडे पाहिले. रांग अखंड, नीटनेटकी होती.

"कोणी केलं हे?"

"मी," मी म्हणालो. "आभाळ होतं ना."

ती झोपडीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस चौकीत गेलो. तेथील फौजदार कृश अंगाचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणारे गृहस्थ होते. समोरचा माणूस बोलत असता ते त्याच्या तोंडाकडे न पाहता हातांकडे पाहत.

"चित्रण आहे का काही?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला. "भट्टीवर कॅमेरा आहे असं ऐकलं."

"आहे ना," आक्का म्हणाली. "फाटकाजवळच्या डिझेलच्या पिंपांवर रोखलेला. पिंप चोरीला गेलं असतं तर तुम्हाला चोराच्या नाकातला केससुद्धा दिसला असता. मी पिंप नाही."

फौजदारांच्या ओठाचा एक कोपरा हलला, आणि लगेच जागेवर आला. "मोबाईलमध्ये कोणी काढलं?"

"गाऱ्याच्या हातांनी मोबाईल कोण धरतंय साहेब?"

"कोणी पाहिलं?"

पाहिले कोणीच नव्हते. काकांची पाठ होती, मी चरावर होतो.

"बाई, तुम्ही खोटं बोलता असं मी म्हणत नाही," फौजदार म्हणाले. "तो खरं बोलतो असंही म्हणत नाही. तक्रार लिहून घेतो. डॉक्टरांचा दाखला आणा. आणि चित्रण नाही म्हणून काही नाहीच, असं समजू नका. कॅमेरे यायच्या आधीही लोक मार खात होते आणि मारणारे आत जात होते. त्या जागेचं, त्या वेळचं, जे काही शिल्लक असेल ते शोधा."

शिल्लक हा शब्द ऐकून माझ्या कपाळावर घाम आला. मी तो बाहीने पुसला. फौजदारांनी माझ्या बाहीकडे पाहिले.

त्या दिवसापासून आमच्या घरात संशय राहावयास आला. तो प्रथम माझ्याच मनात शिरला, आणि शिरला तो काकांच्या निमित्ताने. तिसऱ्या दिवशी काका गाऱ्यात नवे गमबूट घालून उतरले. त्यांचे जुने बूट टाचेला फाटलेले, तारेने शिवलेले होते, वर्षानुवर्षे तेच. मी मनाशी ताडले की टोपीवाल्याने यांचे तोंड बंद केले. दुपारी त्यांच्याजवळ जाऊन मी खोचून म्हणालो, "बूट झकास आहेत काका. कोणाची मेहेरबानी?"

काकांनी पायांकडे पाहिले, मग माझ्याकडे. "तुला ठाऊक नाही?"

"मला कसं ठाऊक असणार?"

"मग राहू दे," ते म्हणाले आणि यंत्र सुरू केले.

हे मी संध्याकाळी पत्नीस सांगितले. ती चूल फुंकीत होती. फुंकणी तशीच हातात धरून ती म्हणाली, "अहो, ते बूट वन्संच्या नवऱ्याचे. पेटीत पडून होते. दवाखान्यात चक्कर आलेल्या वन्संना काकांनी पाठुंगळी घेऊन जिना चढवला, म्हणून त्यांनी दिले." जरा थांबून तिने जोडले, "तुम्ही इथं विटा सावरत होतात तेव्हा."

मी बाहेर जाऊन बसलो.

त्याच संध्याकाळी टोपीवाला आमच्या दारी आला. आत न येता उंबऱ्याबाहेर उभा राहून त्याने आक्काची चौकशी केली, "कसा आहे हात? कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायला सांग हो."

"हात आहे जागेवर," आतून आक्का म्हणाली. "माझा फर्मा कुठाय?"

"तो? तो मोडला. टाकला जळणात."

मग त्याने मला खुणेने बाजूला घेतले. आगवाल्याचे काम मी गेली दोन वर्षे मागत होतो. आगवाला म्हणजे भट्टी रचणारा, पेटविणारा आणि तिची धग राखणारा माणूस. त्यास चिखलात बसावे लागत नाही, आणि भट्टीलगतची पक्की खोली त्यास राहावयास मिळते. पत्नी त्या खोलीवरून जाताना दर वेळी खिडकीतून आत डोकावून येई.

"आगीचं काम तुझं पक्कं केलंय," टोपीवाला हलक्या आवाजात म्हणाला. "पुढच्या सोमवारी भट्टी रचायला घे. आधी वरच्या पट्टीवरची थप्पी घे, ती तोवर सुकेल. आणि बहिणीला समजाव. बायकांचं डोकं तापतं, पण तू शिकलेला माणूस."

मी होय म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. मान मात्र हलली असावी, कारण तो समाधानाने गेला.

आत आल्यावर पत्नीने विचारले, "काय म्हणाला?"

"चौकशी करत होता."

"इतका वेळ?" भिंतीकडे तोंड असलेली आक्का म्हणाली.

मधल्या काळात आक्काच्या विटा उभ्या करून थप्पीस लावण्याचे काम मी व पत्नीने केले होते. थप्पी लावताना दोन विटांत बोटभर फट ठेवावी लागते, म्हणजे वारा खेळतो. अर्धचंद्राच्या विटा हाताखाली आल्या तेव्हा मी त्या ओळखल्या. त्या मी थप्पीच्या आतल्या अंगाला, इतर विटांच्या आड रचल्या. का रचल्या, असे कोणी तेव्हा विचारले असते तर मी म्हणालो असतो की कुठेतरी रचायच्याच होत्या.

पाचव्या दिवशी सकाळी मी गारा उचलीत असता आक्का थप्पीजवळ दिसली. प्लास्टरचा हात गळ्यात अडकविलेला, आणि डाव्या हाताची दोन बोटे विटांच्या फटींत घालून ती सावकाश एकेक पाऊल सरकत होती. मला वाटले, ओल पाहते आहे. एके ठिकाणी तिची बोटे थांबली. मग पुन्हा मागे आली, आणि पुन्हा थांबली; ओठ मोजल्यासारखे हलत होते. ती तेथे बराच वेळ उभी होती. वाऱ्याने तिचा पदर उडत होता आणि तिला तो सावरता येत नव्हता, किंवा तिने सावरला नाही.

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतेही बोलेनाशी झाली. पाणी मी दिले तर तांब्या तसाच ठेवी; पत्नीने दिले तर पिई. दवाखान्याचा कागद ती कमरेला खोचून ठेवू लागली. शनिवारी मला कळले की तो कागद तिने नाक्यावरच्या दुकानदाराकडून वाचून घेतला. घरात वाचता येणारा भाऊ असताना माझ्या बहिणीने आपला कागद परक्याकडून वाचून घेतला, आणि साबण मोजता मोजता दुकानदाराने ही गोष्ट मला हसत सांगितली. "काय मास्तर, चष्मा लागला की काय?" मी साबण घेतलाच नाही.

त्याच दुपारी दाखल्यासाठी आम्ही दवाखान्यात गेलो. आक्का पुढे, मी दहा पावले मागे. डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणाचा फोटो खिडकीशी धरला.

"पडलात?" त्यांनी विचारले.

"नाही."

"मलाही तसंच वाटतं. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट मोडतं. तुमचं करंगळीच्या बाजूचं हाड अगदी मध्यावर मोडलंय, तेवढं एकच. असा हात वर धरून वार अडवला की असं होतं." त्यांनी स्वतःचा हात डोक्यासमोर आडवा धरून दाखविला. "शिवाय पहिल्या दिवशी इथं दोन समांतर वळ होते, ते मी मोजून लिहिलेत. पट्टी मारलेल्या कशानं तरी मारलं?"

आक्काने होय म्हणून मान हलविली. तिच्या डोळ्यांत त्या दिवशी प्रथमच पाणी आले. कोणीतरी साक्षीदार न मागता तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि तो विश्वास ठेवणारी व्यक्ती मी नव्हतो.

परतताना मी म्हणालो, "आक्का, आता दाखला पक्का झाला. आता होईल काहीतरी."

ती न थांबता म्हणाली, "सोमवारी भट्टी रचतोस म्हणे."

"तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या बायकोनं खोलीच्या खिडकीचं माप घेतलं दोरीनं. पडदा शिवायला." ती काही पावले चालली. "कोणाच्या विटा आधी घेणार?"

एकदा थप्पीत आड रचलेल्या त्या विटा भट्टीत गेल्या की भाजून निघाल्यावर माझ्या हजारो अर्धचंद्रांत त्या मिसळून जातील, आणि कोणती कोणाच्या रांगेत होती हे सांगणारा एकही माणूस उरणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होते. टोपीवाल्याला ते कळत होते की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. त्याने ती थप्पी आधी घ्यावयास सांगितली ती आधी सुकेल म्हणून, की अन्य कारणाने? मी रात्रंदिवस त्याच्या मनातले शोधीत होतो, कारण तोपर्यंत माझ्या मनातले शोधावे लागत नव्हते.

रविवारी फौजदारांनी जबाबासाठी बोलाविले. आक्का, काका व मी, असे तिघे गेलो. आक्काच्या डाव्या खांद्याला कापडी पिशवी होती. ती जड होती. पट्टा तिच्या खांद्यात रुतत होता. मी घेऊ लागलो तर तिने पिशवी पलीकडच्या अंगाला सरकविली. काकांनी मागितली नाही आणि तिने दिली नाही. ते दोघे सोबत चालले.

प्रथम काकांचा जबाब झाला. "पाहिलं नाही मी," ते म्हणाले. "मी खोटं सांगणार नाही. पाठ होती माझी. पण ऐकलं. तीस वर्षं गारा मळतोय साहेब, माणूस गाऱ्यात पडतो त्याचा आवाज मला ठाऊक आहे. हा लाकूड हाडावर बसल्याचा होता. आणि दवाखान्यात पोचेपर्यंत बाई एकच गोष्ट सांगत होती, फर्म्यानं मारलं. त्या वेळी तिला कोण शिकवायला बसलं होतं?"

फौजदारांनी ते लिहून घेतले. मग दुसरा कागद काढला. "त्याचं म्हणणं असं की ओल्या विटांवर पाय घसरून बाई पडल्या, आणि बऱ्याच विटा चेपल्या. फर्मा जुना होता, पडताना मोडला, म्हणून जाळला." त्यांनी कागदावरून नजर उचलली. "बाई, त्या विटा कुठे आहेत?"

"मी दवाखान्यात होते," आक्का म्हणाली. "याला विचारा."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. पिशवी तिने मांडीवर घेतली होती, आणि डाव्या हाताने तिचे तोंड घट्ट धरले होते.

फौजदार माझ्या हातांकडे पाहू लागले. नखांत गारा होता. तो कधीच पुरता निघत नाही.

"विटा चेपल्या होत्या?"

"नाही," मी म्हणालो. "चेपल्या नव्हत्या. टाचा रुतल्या होत्या. दोन. बुटाच्या, खिळ्यांच्या. आक्का अनवाणी असते."

"तुम्ही पाहिल्या?"

"हो."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलं? आणि आता त्या कुठे आहेत?"

"मोडल्या. मी मोडल्या. गाऱ्यात घातल्या आणि नव्या पाडल्या."

काकांनी श्वास आत ओढला. फौजदारांनी लेखणी खाली ठेवली. "कोणी सांगितलं होतं?"

"त्यांनीच. विटा सावर म्हणाले."

"बहीण हात मोडून बसलीय, ती सांगतेय मला मारलं, आणि तुम्ही विटा सावरल्या. का?"

"सवय असते साहेब. बिघडलेली वीट दिसली की हात जातोच."

"आणि?"

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा प्रत्येक ठोक्याला थोडासा थरथरत होता. माझ्या वाचनात आलेली कितीतरी वाक्ये मला त्या वेळी आठवली, ज्यांत माणसाच्या दुर्बलतेविषयी सुंदर लिहिलेले असते. त्यांपैकी एकही उपयोगाचे नव्हते.

"आणि मला आगीचं काम हवं होतं," मी म्हणालो.

"हे लिहून घेतलं तर तुमच्यावरही बेतू शकतं. पुरावा नष्ट केला म्हणून. कळतंय ना?"

"कळतंय. घ्या लिहून."

"पण नुसत्या बोलण्यावर तो उद्या म्हणेल, भाऊ आहे, बहिणीसाठी रचून सांगतो. तुम्ही त्या जागी विटा मोडून नव्या पाडल्या, याला काय आधार?"

तेव्हा आक्काने पिशवीतून एका हाताने, पोटाशी आधार देत, एक कच्ची वीट काढून टेबलावर ठेवली. तिचा एक कोपरा झडला होता. मधोमध अर्धचंद्र होता.

"माझ्या थप्पीतली आहे," ती म्हणाली. "माझी खूण तीन ठिपके. ही याची. माझ्या रांगेत याची वीट यायचं कारण काय, एवढं त्याला विचारा. माझा फर्मा याला का मिळाला नाही, तेही विचारा. पडताना मोडला असता, तर मोडका तरी तिथंच असता की."

फौजदारांनी वीट फिरवून पाहिली. "ही तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"चार दिवस."

"मग आधी का आणली नाहीत?"

आक्काने रिकामी पिशवी मांडीवर सपाट केली. उत्तर मला ठाऊक होते. ती माझी वाट पाहत होती, आणि माझ्यावर तिचा भरवसा नव्हता. या दोन्ही गोष्टी तिने चार दिवस एकाच खाटेखाली ठेवल्या होत्या.

"अशा आणखी किती?" फौजदारांनी मला विचारले.

"ही धरून नऊ."

सोमवारी सकाळी, भट्टी रचावयाच्या वेळी, फौजदार दोन पंच घेऊन वरच्या पट्टीवर आले. आभाळ तसेच होते. माणसे कामे टाकून बांधावर उभी राहिली. टोपीवाला खोलीच्या दारात उभा होता. त्याच्या खोलीतून शिपायाने आधीच त्याचे बूट आणि खाटेमागे पडलेला, एक पट्टी वाकलेला आक्काचा फर्मा आणून पोत्यावर ठेवला होता. तो जळाला नव्हता. चांगले लाकूड जाळण्यास त्याचाही जीव धजला नसावा. पत्नी झोपडीच्या दारातून पाहत होती. पडद्याचे कापड तिने पुन्हा घडी करून ठेविले होते. ती माझ्यावर रागावली होती, आणि तिचा राग मला अन्यायाचा वाटला नाही.

थप्पी उतरवावयाची होती. कच्ची वीट दोन्ही हातांनीच उचलावी लागते, नाहीतर मध्ये मोडते. आक्काला ते शक्य नव्हते; तिने एका हाताने काढलेल्या एका विटेचाही कोपरा झडला होता. सबब ती डाव्या हाताचे बोट फटीत घालून चाचपी, आणि मी उचली.

"ही?"

"वरच्या दोन काढ. मग ती."

मी काढल्या. अर्धचंद्र. पंचांनी पाहिला, फौजदारांनी क्रमांक टाकला. तिसरी निघाली, पाचवी निघाली. बांधावरून कोणीतरी "मास्तर, आग लावायला घेतलं होतं ना तुला?" असे म्हणाले आणि काहीजण हसले. मी मान वर केली नाही. आठवी निघाली.

"आणि चौकीतली एक," फौजदार म्हणाले. "झाल्या नऊ. लिहितो."

"अकरा," आक्का म्हणाली.

फौजदारांनी माझ्याकडे पाहिले. आता ते हातांकडे पाहत नव्हते. "तुम्ही नऊ म्हणालात."

मी किती पाडल्या होत्या ते मला ठाऊक होते. कबूल करतानाही मी दोन कमी केल्या होत्या. कशासाठी, हे मला सांगता येत नाही. दोन विटांनी माझा अपराध हलका होणार नव्हता.

"अकरा आहेत," मी म्हणालो.

फौजदारांनी लिहिलेला आकडा खोडला, नवा लिहिला आणि खोडलेल्या जागी माझा अंगठा नव्हे, सही घेतली. मग म्हणाले, "काढा."

मी तळाच्या थराशी गुडघ्यांवर बसलो. आक्का माझ्या शेजारी वाकली. तिच्या प्लास्टरची कड माझ्या खांद्याला लागली, आणि तिने ती बाजूला घेतली नाही. तिची बोटे फटीत शिरली, सरकली, थांबली.

"ही?" मी विचारले.

"ती नव्हे," आक्का म्हणाली. "तिच्या खालची. सावकाश काढ. दोन्ही हातांनी."